कामातून उठलेला प्रश्न घेऊन डॉक्टरेटकडे: लोकोपकार क्षेत्रातील अनुभवी व्यक्तींसाठी मार्गदर्शन

अनुदान देणाऱ्या प्रतिष्ठानात, निधी उभारणाऱ्या संस्थेत, कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्व विभागात किंवा एखाद्या न्यासाच्या विश्वस्त मंडळावर पंधरा-वीस वर्षे काम केलेल्या व्यक्तीला एका टप्प्यावर असे वाटू लागते, की आपल्याला पुष्कळ माहीत आहे. परंतु त्यातले खरे किती आणि सवयीने खरे मानलेले किती, हे आपण सांगू शकत नाही. लोकोपकार क्षेत्रातील नेतृत्वाची व्यावसायिक डॉक्टरेट ही प्रामुख्याने अशा व्यक्तींसाठी आहे. नोकरी न सोडता, साधारण तीन ते पाच वर्षांत, स्वतःच्या कामातील एका अवघड प्रश्नाचा शास्त्रशुद्ध शोध घेण्याची ही वाट आहे. या वाटेवर प्रथमच येणाऱ्यांनी कोणत्या क्रमाने पावले टाकावीत, हे या लेखात मांडले आहे. प्रश्न निवडणे आणि स्वतःच्याच क्षेत्रात संशोधन करणे या दोन टप्प्यांवर मी मुद्दाम अधिक थांबणार आहे, कारण बहुतेकांची वाट तिथेच चुकते.

पदवीचे स्वरूप आधी समजून घ्या

व्यावसायिक डॉक्टरेट ही कल्पना नवी नाही. शिक्षण क्षेत्रात अशी पदवी हार्वर्ड विद्यापीठाने १९२१ सालीच सुरू केली होती. पुढे व्यवस्थापन, परिचर्या, सामाजिक कार्य अशा क्षेत्रांतही ती आली. या पदव्यांवर दीर्घकाळ एक आक्षेप घेतला जात असे, तो म्हणजे त्या पीएचडीची सौम्य नक्कल आहेत. त्याला उत्तर म्हणून अमेरिकेत २००७ साली शिक्षणातील डॉक्टरेटसंबंधी कार्नेगी प्रकल्प सुरू झाला. ‘कामातील समस्या’ हा अभ्यासाचा केंद्रबिंदू मानावा आणि अंतिम प्रबंध हा त्या समस्येवर व्यवहारात उपयोगी पडेल असा असावा, ही भूमिका या प्रकल्पाने रुजवली. आज लोकोपकारासारख्या क्षेत्रात अशी पदवी आखताना हाच विचार पायाशी असतो.

लोकोपकार हा स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून मात्र पुष्कळ उशिरा उभा राहिला. निधी उभारणीचे पद्धतशीर प्रशिक्षण देणारी ‘द फंड रेझिंग स्कूल’ १९७४ साली हेन्री रोसो यांनी सुरू केली. १९८७ साली इंडियाना विद्यापीठात लोकोपकार केंद्र स्थापन झाले आणि हे प्रशिक्षणही तिथे आले. त्याच केंद्रातून २०१२ साली केवळ लोकोपकाराच्या अभ्यासाला वाहिलेले जगातील पहिले महाविद्यालय उभे राहिले, जे आज लिली फॅमिली स्कूल ऑफ फिलॅन्थ्रॉपी या नावाने ओळखले जाते. तिथे पीएचडीच्या जोडीला अनुभवी व्यावसायिकांसाठी वेगळी डॉक्टरेटही आहे. इतरत्र बऱ्याचदा हाच विषय सार्वजनिक प्रशासन, व्यवस्थापन, सामाजिक कार्य किंवा नेतृत्व या विषयांच्या डॉक्टरेटमध्ये एक शाखा म्हणून घेता येतो. त्यामुळे शोध घेताना केवळ पदवीच्या नावावर अडून राहू नये.

पीएचडी आणि व्यावसायिक डॉक्टरेट यांतला फरक काठिण्यातला मानला जातो, तो गैरसमज आहे. फरक प्रश्न कुठून येतो यात आहे. पीएचडीचा प्रश्न सहसा आधीच्या संशोधनात राहिलेल्या उणिवेतून निघतो आणि त्याचे उत्तर प्रथम अभ्यासकांना द्यायचे असते. व्यावसायिक डॉक्टरेटचा प्रश्न कामाच्या टेबलावर निर्माण होतो, आधीच्या संशोधनाच्या कसोटीवर घासला जातो आणि त्याचे उत्तर पुन्हा त्या टेबलाकडे परत जाते. पुराव्याचा दर्जा, संशोधनाची नीती आणि लेखनातील काटेकोरपणा दोन्हीकडे सारखाच अपेक्षित असतो. पूर्णवेळ प्राध्यापक होण्याची इच्छा असेल, तर मात्र पीएचडीच अधिक योग्य ठरते. हा निर्णय सुरुवातीलाच करावा, कारण मध्येच वाट बदलणे खर्चिक असते.

आपले कारण तपासून पाहा

नावामागे डॉक्टर लागावे, ही इच्छा मनात असणे गैर नाही. परंतु तेवढ्या बळावर तिसऱ्या वर्षाचा हिवाळा निघत नाही. बढतीची अपेक्षा असेल, तर आपल्या क्षेत्रातील वरिष्ठ पदांसाठी ही पदवी प्रत्यक्षात मागितली जाते का, हे आधी पाहावे. लोकोपकार क्षेत्रातील नेतृत्वाच्या बहुतेक पदांसाठी डॉक्टरेट ही अट नसते. निधी उभारणी किंवा प्रकल्प मूल्यमापन यांतील एखादे कौशल्यच हवे असेल, तर काही महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पुरेसा असतो आणि तसे प्रामाणिकपणे स्वतःला सांगावे.

माझ्या मते या पदवीकडे वळण्याचे एक कारण इतर सर्व कारणांपेक्षा भक्कम आहे, आणि ते या क्षेत्राच्या रचनेतच दडलेले आहे. बाजारात वस्तू वाईट निघाली, तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते आणि विक्रेत्याला आपोआप कळते. लोकोपकारात पैसे देणारा एक असतो आणि सेवा घेणारा दुसरा. ज्याला अनुदान हवे आहे तो अनुदान देणाऱ्याला अप्रिय सत्य सांगत नाही, आणि ज्याला मदत मिळते आहे तो मदत करणाऱ्याची चूक दाखवायला कचरतो. म्हणून या क्षेत्रात माणूस जितका वर चढतो, तितके त्याच्यापर्यंत पोचणारे सत्य विरळ होत जाते. पद्धतशीर संशोधन हे त्या विरळ झालेल्या सत्यापर्यंत पुन्हा पोचण्याचे साधन आहे. ही गरज ज्याला आतून जाणवते, त्याने पुढचे पाऊल टाकावे.

प्रश्न घडवण्यासाठी सहा महिने द्या

अर्ज करण्याच्या किमान सहा महिने आधी एक वही घ्यावी आणि कामात ज्या ज्या ठिकाणी आपण अडखळतो, ती जागा त्याच दिवशी दोन ओळींत टिपून ठेवावी. कोणत्या बैठकीत आपण पुरेसा आधार नसताना ठामपणे बोललो, कोणत्या प्रस्तावाला नकार देताना कारण शब्दांत सांगता आले नाही, कोणती पद्धत केवळ ‘असेच चालत आले’ म्हणून पाळली, अशा या नोंदी असाव्यात. दोन-तीन महिन्यांनी वही पुन्हा वाचली की काही अडचणी वारंवार येताना दिसतात, आणि आपला विषय बहुधा त्यांतच असतो.

मात्र अडचण, विषय आणि प्रश्न या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवख्या अर्जदाराची सर्वांत मोठी चूक म्हणजे विषयालाच प्रश्न समजणे. एक उदाहरण घेऊ. लहान संस्थांना तीन वर्षांचे अनुदान देणाऱ्या प्रतिष्ठानातील एका अधिकाऱ्याची तक्रार अशी आहे, की ‘संस्था आमच्यावर अवलंबून राहतात आणि अनुदान संपले की कोलमडतात.’ या वाक्यात प्रश्न नाही. त्यात निष्कर्ष आधीच काढलेला आहे, आणि दोषही दुसऱ्या बाजूवर ठेवलेला आहे. यावरून ‘लहान संस्थांची आर्थिक शाश्वतता’ असे शीर्षक बनवले, तर विषय मिळतो. पण तो इतका पसरट असतो, की त्यावर दहा जणांनी दहा वर्षे काम केले तरी पुरणार नाही. आता तीच गोष्ट अशी मांडून पाहावी: ‘तीन वर्षांचे अनुदान संपल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत लहान संस्थांनी कर्मचारी, कार्यक्रम आणि निधीचे स्रोत यांबाबत कोणते निर्णय घेतले, आणि त्या निर्णयांवर अनुदानाच्या मूळ अटींचा काय परिणाम झालेला त्यांना दिसतो?’ हा प्रश्न आहे. त्यात काळ ठरलेला आहे, कोणाला विचारायचे ते ठरलेले आहे, आणि मुख्य म्हणजे दोष प्रतिष्ठानाच्या स्वतःच्या अटींमध्ये सापडण्याची शक्यता त्यात खुली ठेवलेली आहे.

प्रश्न हाती आला की त्याला काही अवघड प्रतिप्रश्न विचारावेत. उत्तर आपल्या आजवरच्या भूमिकेच्या विरुद्ध येऊ शकते का? येऊच शकत नसेल, तर ते संशोधन राहत नाही, तो केवळ प्रचार ठरतो. लागणारी माहिती खरोखर मिळेल का, आणि ती देण्याचा अधिकार कोणाकडे आहे? उद्या आपण ही नोकरी सोडली, तर हा अभ्यास चालू राहू शकेल का? हा प्रतिप्रश्न पुष्कळ जण टाळतात. परंतु चार-पाच वर्षांच्या काळात नोकरी बदलणे ही सामान्य गोष्ट आहे, आणि एकाच कार्यालयातील कागदपत्रांवर उभा असलेला अभ्यास तेव्हा अनाथ होतो. शेवटचा प्रतिप्रश्न माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचा आहे: उत्तर मिळाल्यावर नेमकी कोणती व्यक्ती आपला कोणता निर्णय वेगळ्या प्रकारे घेईल? त्या व्यक्तीचे पद आणि तो निर्णय एका वाक्यात लिहिता आला पाहिजे.

अर्जाआधी थोडे वाचन हवेच

आपल्या प्रश्नावर पूर्वी कोणी काहीच लिहिलेले नाही, असे अर्जात लिहिणारे पुष्कळ असतात, आणि निवड समितीला त्यातून एवढेच कळते, की अर्जदाराने शोधलेले नाही. या विषयातील महत्त्वाची नियतकालिके मोजकी आहेत. ‘नॉनप्रॉफिट अँड व्हॉलंटरी सेक्टर क्वार्टर्ली’, ‘व्हॉलंटास’ आणि ‘नॉनप्रॉफिट मॅनेजमेंट अँड लीडरशिप’ या तिघांचे गेल्या पाच वर्षांतील अंक चाळले, तर चर्चा कोणत्या दिशेने चालली आहे याचा अंदाज येतो. आढावा घेणाऱ्या लेखांपासून आरंभ करणे सर्वांत सोयीचे. उदाहरणार्थ, रेने बेकर्स आणि पामाला विपकिंग यांनी २०११ साली पाचशेहून अधिक अभ्यास तपासून माणसे देणगी का देतात याच्या आठ यंत्रणा मांडल्या: गरजेची जाणीव, कोणीतरी मागणे, खर्च आणि लाभ, परहिताची इच्छा, प्रतिष्ठा, मनाला मिळणारे समाधान, मूल्ये आणि आपल्या देणगीने फरक पडतो हा विश्वास. निधी उभारणीत वीस वर्षे घालवलेल्या माणसाला ही यादी वाचताना दोन गोष्टी एकदम जाणवतात: यातील पुष्कळ आपल्याला ठाऊक होते, आणि तरीही आपण त्यांतल्या दोन-तीन यंत्रणांवरच सारे आयुष्य काम करत आलो.

सिद्धांताची भीती बाळगू नये, आणि त्याला शोभेची वस्तूही मानू नये. बर्टन वाइसब्रॉड यांनी १९७० च्या दशकात असे मांडले, की सरकार बहुसंख्यांना हव्या त्या सेवा पुरवते आणि उरलेल्यांची गरज भागवण्यासाठी स्वयंसेवी संस्था जन्माला येतात. हेन्री हॅन्समन यांनी १९८० साली दाखवले, की जिथे सेवेचा दर्जा ग्राहकाला तपासता येत नाही, तिथे नफा वाटून न घेण्याचे बंधन असलेल्या संस्थेवर लोक अधिक विश्वास ठेवतात. लेस्टर सॅलमन यांनी १९८७ साली बाजू उलटवून स्वयंसेवी क्षेत्राच्या स्वतःच्या चार उणिवा सांगितल्या: साधनांचा अपुरेपणा, ठरावीक गटांपुरतेच लक्ष, पैसे देणाऱ्याची पालकाची भूमिका आणि हौशीपणा. वर घेतलेल्या अनुदानाच्या उदाहरणाला सॅलमन यांची तिसरी उणीव लावून पाहिली, की ‘संस्था अवलंबून राहतात’ या तक्रारीऐवजी ‘काय करायचे हे पैसे देणारा ठरवतो तेव्हा संस्थेची निर्णयशक्ती कशी घटते’ असा नवा कोन मिळतो. सिद्धांताचा उपयोग इतका थेट असतो.

अभ्यासक्रम निवडताना

सर्वप्रथम विद्यापीठाची मान्यता पाहावी. मान्यता देणारी संस्था त्या देशातील अधिकृत व्यवस्थेने ओळखलेली आहे का, हे विद्यापीठाच्या पत्रकावरून ठरवू नये, त्या अधिकृत यादीतच पाहावे. अनुभवाच्या बदल्यात काही महिन्यांत डॉक्टरेट देऊ करणाऱ्या, प्रबंधाचा आग्रह न धरणाऱ्या किंवा ‘मानद’ आणि ‘संशोधनाधारित’ यांतला भेद पुसट करणाऱ्या संस्थांपासून पूर्णपणे दूर राहावे. विश्वासावर चालणाऱ्या क्षेत्रात बनावट पदवी उघडकीला आली, तर ती व्यक्तीबरोबर तिच्या संस्थेचेही नुकसान करते.

त्यानंतर मार्गदर्शक. विद्यापीठाच्या नावापेक्षा आपल्या प्रश्नाच्या जवळपास काम केलेले किमान दोन प्राध्यापक तिथे आहेत का, हे अधिक मोलाचे आहे. दोन यासाठी, की एक जण निवृत्त झाला किंवा दुसरीकडे गेला, तरी वाटेत एकटे पडू नये. त्यांचे अलीकडचे लेख वाचावेत. मग अभ्यासक्रमाची रचना विचारावी: ऑनलाइन वर्ग कोणत्या वेळी असतात, वर्षातून किती दिवस प्रत्यक्ष हजर राहावे लागते, अंतिम काम पारंपरिक प्रबंध असते की एकमेकांशी जोडलेल्या अहवालांचा संच चालतो, आणि आजारपणात किंवा कौटुंबिक अडचणीत नोंदणी थांबवता येते का. सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोलण्याची संधी मागावी आणि त्यांना एकच प्रश्न आवर्जून विचारावा: पाठवलेल्या प्रकरणावर मार्गदर्शकाचा अभिप्राय किती दिवसांत येतो? या एका उत्तरातून अभ्यासक्रमाबद्दल पुष्कळ कळते.

सहाध्यायींची तुकडी हा घटकही हलका समजू नये. निधी उभारणारा, निधी देणारा, रुग्णालयाचा न्यास सांभाळणारा आणि संग्रहालय चालवणारा हे सारे एकाच वर्गात बसतात, तेव्हा परस्परांच्या गृहीतकांना जो धक्का लागतो, तो ग्रंथांतून लागत नाही.

वेळ, पैसा आणि कार्यालयाशी करार

आठवड्याला दहा ते पंधरा तास लागतील असे धरून चालावे, आणि प्रबंधलेखनाच्या काळात त्याहून अधिक. हे तास कुठून येणार, हे कागदावर लिहिल्याशिवाय प्रवेश घेऊ नये. घरातील माणसांशी हे बोलणे आधी व्हावे. रविवारची सकाळ कोणाची, हा प्रश्न प्रवेशानंतर सोडवता येत नाही. खर्चात शुल्काबरोबर प्रवास, निवास, मुलाखतींचे शब्दांकन, सॉफ्टवेअर आणि लांबलेल्या वर्षाचे शुल्क यांचाही हिशेब धरावा.

कार्यालयाने शुल्क भरण्याची तयारी दाखवली, तर तो मोठा आधार असतो, परंतु त्यासोबत प्रश्नही येतात. पैसे देणाऱ्याला न आवडणारा निष्कर्ष निघाला तर काय? हे क्षेत्रच देणाऱ्याच्या अपेक्षेखाली वाकलेल्या सत्याने त्रस्त आहे. तीच गोष्ट आपल्या संशोधनाच्या बाबतीत घडू देऊ नये. म्हणून प्रवेशापूर्वीच विश्वस्त मंडळाकडून किंवा वरिष्ठांकडून लेखी घ्यावे, की कोणती कागदपत्रे वापरता येतील, संस्थेचे नाव प्रबंधात येईल की नाही, प्रबंध सादर करण्यापूर्वी संस्था काय पाहू शकेल, आणि निष्कर्ष बदलण्याचा अधिकार तिला नसेल. वस्तुस्थितीतील चूक दाखवण्याचा अधिकार संस्थेला जरूर द्यावा. अर्थ लावण्याचा अधिकार आपल्याकडे ठेवावा.

अर्जाची कागदपत्रे

बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पदवी, काही वर्षांचा वरिष्ठ पातळीवरील अनुभव, कार्यपरिचय, उद्देशपत्र, लेखनाचा नमुना आणि शिफारसपत्रे मागतात, आणि त्यानंतर मुलाखत होते. उद्देशपत्रात आपल्या यशाची यादी देण्याचा मोह टाळावा, कारण ती कार्यपरिचयात असतेच. पत्राची सुरुवात कामातील अडचणीने करावी, तिचा प्रश्न कसा झाला ते सांगावे, त्याविषयी आजवर काय वाचले आणि त्यात काय अपुरे वाटले ते मांडावे, आणि याच विद्यापीठात ते काम का शक्य आहे हे नावानिशी लिहावे. आपण एखाद्या बाबतीत चुकलो होतो आणि ते आपल्याला कसे उमगले, याबद्दलचा एक प्रामाणिक परिच्छेद पानभर कर्तृत्वाहून अधिक बोलका असतो. शिफारसपत्रांपैकी किमान एक पत्र आपले लेखन आणि विचारपद्धती पाहिलेल्या व्यक्तीचे असावे. मोठ्या पदावरील, परंतु आपल्याला जेमतेम ओळखणाऱ्या व्यक्तीचे पत्र समितीला लगेच ओळखू येते.

पहिल्या वर्षाचा धक्का

अनुभवी व्यक्तीला पहिल्या वर्षी सर्वांत जड जाते ते लेखन. कार्यालयात आपण निर्णय व्हावा म्हणून लिहितो: निष्कर्ष आधी, शंका शक्यतो वगळून, भाषा आश्वासक. संशोधनात प्रत्येक विधानाला विचारले जाते, की हे कशावरून? ‘देणगीदारांना पारदर्शकता हवी असते’ हे वाक्य अनुदानाच्या प्रस्तावात सहज खपते. प्रबंधात मात्र कोणत्या देणगीदारांना, कोणी विचारले, कसे मोजले आणि बोलणे व वागणे यांत फरक आढळला का, हे सांगावे लागते. हे वळण अंगवळणी पडायला सहसा वर्ष लागते, आणि तोवर लाल शाईने भरलेली पाने पाहून खचू नये. दर आठवड्याला वाचलेल्या प्रत्येक लेखावर पाच-सहा ओळी स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची सवय पहिल्याच महिन्यात लावून घ्यावी. संदर्भ सांभाळणारे एखादे सॉफ्टवेअरही तेव्हाच शिकून घ्यावे.

संख्याशास्त्राचा धसका असेल, तर प्रवेशाआधी एखादा प्राथमिक अभ्यासक्रम करून घ्यावा. पुढे गुणात्मक, म्हणजे आकड्यांऐवजी मुलाखतींसारख्या सामग्रीवर आधारलेली पद्धती निवडली, तरी इतरांचे आकडे वाचता येणे अटळ आहे.

स्वतःच्याच क्षेत्रात संशोधन करताना

संशोधनपद्धती प्रश्नावरून ठरते, आवडीवरून नव्हे. निर्णय कसे आणि का घेतले गेले हे जाणून घ्यायचे असेल, तर सखोल मुलाखती आणि कागदपत्रांचा अभ्यास उपयोगी पडतो. एखाद्या बदलाचा परिणाम मोजायचा असेल, तर तुलनेची सोय असलेली आकडेवारी लागते. आणि बदल घडवत असतानाच त्याचा अभ्यास करायचा असेल, तर कृतिसंशोधनाची वाट आहे, जिची मांडणी कुर्ट लेविन यांनी १९४० च्या दशकात केली. व्यावसायिक डॉक्टरेटमध्ये ही तिसरी वाट अनेकांना जवळची वाटते, कारण नियोजन, कृती, निरीक्षण आणि फेरविचार हे तिचे चक्र कामाच्या लयीशी जुळते.

पद्धतीपेक्षा अवघड गोष्ट म्हणजे आपण आतले आहोत, ही वस्तुस्थिती. आतल्या माणसाला दारे उघडी असतात, भाषा कळते, न बोललेलेही समजते. त्याच कारणाने त्याला काही गोष्टी दिसेनाशा होतात, आणि लोक त्याच्यासमोर जपून बोलतात. अनुदान देणारा अधिकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाची मुलाखत घेतो, तेव्हा संमतीपत्रावर सही असली तरी ती संमती कितपत मोकळी असते? ‘नाही’ म्हटल्यास पुढच्या वर्षी काय होईल, हा विचार त्या प्रमुखाच्या मनात येणारच. प्रश्न नीट मांडले, आवाज सौम्य ठेवला, तरी हा पेच सुटत नाही. त्यासाठी अभ्यासाची रचनाच बदलावी लागते. ज्यांच्याबाबत निर्णय घेण्याचा अधिकार आपल्याकडे नाही, अशा दुसऱ्या प्रतिष्ठानाच्या अनुदानित संस्था निवडाव्यात. किंवा मुलाखती तटस्थ व्यक्तीने घ्याव्यात आणि नावे काढून टाकल्यानंतरच मजकूर आपल्या हाती यावा. किंवा ज्यांचे अनुदान संपून गेले आहे आणि पुन्हा अर्ज करण्याचा विचार नाही, अशाच संस्थांना विचारावे. यांपैकी प्रत्येक उपायात काहीतरी गमवावे लागते, आणि काय गमावले हे प्रबंधात स्पष्ट लिहावे.

माणसांवरील संशोधनाला नीती समितीची पूर्वपरवानगी लागते. अमेरिकेत १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या बेलमाँट अहवालाने व्यक्तीचा आदर, हितरक्षण आणि न्याय ही तीन तत्त्वे सांगितली, आणि अशा समित्या बहुतांशी त्याच चौकटीत विचार करतात. परवानगी मिळण्याआधी घेतलेली मुलाखत कितीही चांगली झाली असली, तरी वापरता येत नाही. त्यामुळे ‘सहज बोलून घेतो’ असे करू नये. कामाच्या निमित्ताने पूर्वी कळलेली गोपनीय माहितीही आपोआप संशोधनाची सामग्री होत नाही. लोकोपकाराचे वर्तुळ लहान असते, म्हणून केवळ नाव बदलणे पुरेसे ठरत नाही. ‘बालशिक्षणात काम करणाऱ्या एका मोठ्या प्रतिष्ठानाच्या माजी संचालक’ एवढ्या वर्णनावरूनही जाणकाराला ती व्यक्ती ओळखू येते. तपशील एकत्र मिसळणे, पद मोघम ठेवणे किंवा एखादे बोलके अवतरण नाइलाजाने सोडून देणे, हे करावे लागते. मुलाखतीचे शब्दांकन एखाद्या ऑनलाइन साधनाकडून करून घ्यायचे असेल, तर ध्वनिमुद्रण कोणाच्या सर्व्हरवर जाते हे तपासावे आणि त्याचा उल्लेख संमतीपत्रात करावा.

आपल्या पूर्वग्रहांसाठी एक स्वतंत्र नोंदवही ठेवावी. प्रत्येक मुलाखतीपूर्वी ‘मला काय ऐकायला मिळेल असे वाटते’ हे लिहावे आणि नंतर ‘प्रत्यक्षात काय ऐकले’ हे लिहावे. ज्या दिवशी दोन्ही नोंदी तंतोतंत जुळतात, त्या दिवशीचे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावे. आपण तेवढेच ऐकले असण्याची शक्यता असते. विश्लेषण करताना आपल्या निष्कर्षाला छेद देणारी उदाहरणे मुद्दाम शोधावीत आणि ती तळटीपेत न ढकलता मुख्य मजकुरात चर्चेला घ्यावीत.

लेखन, तोंडी परीक्षा आणि त्यानंतरचे काम

वर्ग संपले, सामग्री जमली आणि लेखन उरले, या टप्प्यावर काम सर्वाधिक रेंगाळते. तुकडीची भेट थांबते, कार्यालयातील जबाबदाऱ्या साचलेल्या असतात, आणि एक महिना खंड पडला की धागा पुन्हा हाती घ्यायला दुसरा महिना जातो. आठवड्यातील ठरावीक दोन दिवशी, थोडे का होईना, लिहिणे आणि दर महिन्याला अपूर्ण का असेना, काही पाने मार्गदर्शकाला पाठवणे, एवढे दोन नियम पाळले तरी बरेच साधते. प्रस्तावना शेवटी लिहावी. संशोधनपद्धतीचे प्रकरण मात्र काम चालू असतानाच लिहून काढावे, कारण वर्षभरानंतर आपण कोणता निर्णय का घेतला हे आठवत नाही.

तोंडी परीक्षेत परीक्षक बहुधा तीन बाबी तपासतात: काम तुमचे स्वतःचे आहे का, निष्कर्ष पुराव्याच्या पलीकडे गेला आहे का, आणि त्याचा व्यवहारात नेमका काय उपयोग आहे. तिसऱ्या प्रश्नावर अनुभवी व्यक्ती भरभरून बोलते आणि दुसऱ्यावर अडते, म्हणून तयारीचा बहुतांश वेळ दुसऱ्यावर द्यावा. बारा संस्थांच्या मुलाखतींवरून साऱ्या क्षेत्राबद्दल विधान करता येणार नाही. त्या बारा संस्थांत जे घडले, ते तशाच परिस्थितीतील दुसऱ्या कोणाला कशा प्रकारे ताडून पाहता येईल, एवढेच सांगता येते, आणि तेवढे सांगणेही मोलाचे असते. बहुतेक प्रबंधांना परीक्षेनंतर काही दुरुस्त्या सुचवल्या जातात. त्यासाठी दोन-तीन महिने आधीच राखून ठेवावेत.

पदवी हाती आल्यावर तीन कामे उरतात. ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांना, त्यांच्या भाषेत आणि दोन-तीन पानांत, काय आढळले ते कळवावे. संमतीपत्रात तसे वचन दिलेले असते आणि ते सर्वांत आधी पाळावे. ज्या पदावरील व्यक्तीचा निर्णय बदलावा म्हणून अभ्यास केला, तिच्यासमोर निष्कर्ष प्रत्यक्ष मांडावेत, मग ते तिला रुचोत वा न रुचोत. आणि नीती समितीला दिलेल्या मुदतीत ध्वनिमुद्रणे व नावांची यादी कायमची नष्ट करून त्याची लेखी नोंद ठेवावी.